खतावणीतले धर्मादाय खाते

पावसाळा सरून सुगी घरात आली की गावोगावी पावतीपुस्तके बाहेर पडतात. कोठे अनाथालयाचे छप्पर गळत असते, कोठे दवाखान्यात खाटा कमी पडतात, कोठे वसतिगृहातील मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची तरतूद व्हावयाची असते. मंडळाचे चार कार्यकर्ते एकत्र बसतात आणि पहिला प्रश्न निघतो तो हाच की, मागावयास जावयाचे कोणाकडे? एक म्हणतो, तालुक्याच्या गावी मोठी कंपनी आहे. तिच्याकडे एक अर्ज टाकला की वर्षाची ददात मिटेल. दुसरा म्हणतो, कंपनीचे दार आपल्यासाठी उघडणार कोण? त्यापेक्षा आपला वाणी, आपला गिरणीवाला, आपला शिंपी बरा. तो पाच-पन्नास का होईना, हातावर ठेवील. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि या अर्ध्या खऱ्यापायी पुष्कळ चांगली कामे अडून राहतात.

आमच्या मते प्रत्येक आकाराच्या धंद्याला साजेसे असे दानाचे एक रूप असते. मोठा कारखाना जे देऊ शकतो ते दुकानदाराला देता येत नाही, हे सर्वांना दिसते. परंतु दुकानदार जे देतो ते कारखान्यालाही देता येत नाही, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. शिवाय दोघांच्याही दानाला टिकाऊपणा येतो तो एकाच गोष्टीने. दान हे मालकाच्या त्या दिवसाच्या मर्जीवर न ठेवता धंद्याच्या हिशेबातच त्याला जागा करून दिली पाहिजे. हे आम्ही आज काही खऱ्या उदाहरणांनी वाचकांपुढे मांडू इच्छितो.

गोणीमागचा लाग

आपल्याकडील जुन्या पेढ्यांच्या खतावणीत धर्मादाय नावाचे एक स्वतंत्र खाते असे. माल विकला की गोणीमागे किंवा गाठीमागे ठरलेली अल्पशी रक्कम त्या खात्यात जमा होई. तिला कोणी लाग म्हणत, कोणी धर्मादा. गिऱ्हाइकाला ती फारशी जाणवत नसे, आणि व्यापाऱ्यालाही दर वेळी मन घट्ट करून थैलीत हात घालावा लागत नसे. वर्षाअखेरीस जमलेल्या रकमेतून धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ, पाठशाळा यांचा खर्च चाले.

मुंबईचा पांजरपोळ हे याचे ठळक उदाहरण आहे. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि त्यावरून शहरात दंगल उसळली. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई हे पारशी व्यापारी आणि मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मोकाट व पांगळ्या जनावरांसाठी पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या खर्चासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतला. भुलेश्वरजवळचा तो पांजरपोळ आजही चालू आहे. ज्यांनी तो लाग भरला त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांत एकही मोठा दाता नसता, तरी काम चालले असते, कारण रक्कम थोडी असली तरी येण्याची खात्री होती.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचा नव्हे. १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्स या कंपनीच्या आयकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरविले की, मालाच्या किमतीबरोबर धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम ही धंद्याची मिळकत नसून ती परोपकाराच्या कामाशी बांधलेली आहे. म्हणजे ती गोळा करणारा तिचा मालक नसून विश्वस्त आहे. आजही काही दुकानांच्या गल्ल्याजवळ एखाद्या संस्थेची पेटी ठेवलेली असते. त्या दुकानदाराने ती पेटी आपल्या गल्ल्यापेक्षा अधिक जपली पाहिजे, हे यावरून उघड आहे.

याच जमशेटजींच्या घराने दानाचा दुसरा प्रकारही दाखवून दिला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती व लोकांना ती होडीने ओलांडावी लागे. तीवर बांध घालण्यासाठी जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ च्या सुमारास तो रस्ता वाहतुकीस खुला झाला. माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनासाठी वांद्र्याकडून जाणारा भाविक आजही त्याच वाटेने जातो. त्याच सुमारास जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीत कंपनी सरकारने भर घातली आणि भायखळ्याचे त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले.

ही कामे लागाच्या पैशातून झाली नसती. बांध अर्धा घालून चालत नाही. त्याला एकरकमी व भरभक्कम देणगीच हवी. उलट पांजरपोळातील जनावरांना दररोज चारा लागतो. तेथे एकदाच दिलेली मोठी रक्कम लवकरच संपून जाते. दोन गरजा निराळ्या आणि त्यांना लागणारे दानही निराळे. पुढील सर्व विचार या एका भेदावर उभा आहे.

मालकीच दान केली

मोठ्या उद्योगाच्या दानधर्माची गोष्ट निघाली की टाटांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. त्यांनी देणग्या दिल्या त्या तर दिल्याच, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी धंद्याची मालकीच मोठ्या प्रमाणात धर्मादाय विश्वस्त निधींकडे सोपविली. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि १९१९ मध्ये त्यांच्या संपत्तीतून निधी स्थापन झाला. थोरले पुत्र सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये, आपल्या निधनाच्या वर्षीच, आपली संपत्ती निधीच्या हवाली केली. आज टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग अशा निधींच्या हाती आहेत. त्यामुळे कंपनीने लाभांश वाटला की त्याचा मोठा हिस्सा कोणाच्याही मर्जीची वाट न पाहता परोपकाराकडे जातो. जुन्या पेढीच्या धर्मादाय खात्याचेच हे अतिविशाल रूप म्हणावयाचे.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि आपल्या खेड्यांतील किती कुटुंबांनी त्या रुग्णालयाची पायरी चढली असेल याची गणतीच नाही. १९६२ पासून हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. उद्योगाने जे काम धाडसाने सुरू केले, ते कायमचे चालविण्याचा भार पुढे शासनाने उचलला. मोठ्या उद्योगाच्या दानाचा खरा उपयोग असा आरंभ करून देण्यात आहे.

कायद्याने आलेले दान

टाटांनी जे स्वखुशीने केले त्याचा काही अंश आता कायद्याने मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केला आहे. अशी सक्ती करणाऱ्या जगातील पहिल्या देशांपैकी आपला देश एक होय. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा वर्षाची उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. केवळ आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च यात धरता येत नाही, राजकीय पक्षाला दिलेली देणगीही धरता येत नाही. २०२१ पासून नियम आणखी कडक झाले. दीर्घ मुदतीच्या कामासाठी राखलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चावी लागते. अन्य शिल्लक रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमलेल्या सरकारी निधीत भरावी लागते.

या कायद्यातील एक वाक्य खेड्यातील संस्थांनी विशेष ध्यानी धरावे. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला तिने अग्रक्रम द्यावा, असे त्यात म्हटले आहे. हे न्याय्यच आहे. ज्या गावाचे पाणी, रस्ते व माणसे कारखाना वापरतो त्या गावाचा त्याच्यावर पहिला हक्क आहे. परंतु याची दुसरी बाजूही आहे. जेथे कारखानेच नाहीत तेथे हा पैसा सहसा पोचत नाही. वर्षानुवर्षांच्या सरकारी आकड्यांत अशा खर्चाचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राकडे गेलेला दिसतो, तो मुख्यतः उद्योग तेथे एकवटले आहेत म्हणून. खानापूरच्या जंगलपट्टीतील किंवा सत्तरीतील एखाद्या आडगावाने कंपनीच्या आशेवरच बसावे, हे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

ज्यांच्या जवळपास कारखाना आहे त्यांनीही रिकाम्या हाताने जाऊ नये. कंपनीचा पैसा घेऊन काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो, आयकर खात्याकडील धर्मादाय नोंदणी लागते, आणि एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ या अर्जाने नोंद करावी लागते. अनेक प्रामाणिक मंडळांचे काम वीस-वीस वर्षांचे असते, पण कागद एकही धड नसतो. हिशेब कोणाच्या तरी खिशातील वहीत असतो आणि ती वहीसुद्धा सापडत नाही. अशा मंडळाला कंपनीने नकार दिला तर तो दोष एकट्या कंपनीचा मानता येणार नाही.

आणखी असे की, कंपनी बहुधा ठराविक मुदतीचे काम घेते. ती इमारत बांधून देईल, यंत्र घेऊन देईल, दोन-तीन वर्षे शिक्षकाचा पगार देईल. ती मुदत संपली की कंपनीचे लक्ष दुसऱ्या गावाकडे जाते. मग सुंदर इमारतीत शिक्षक नाही आणि नव्या यंत्राला दुरुस्ती नाही, अशी अवस्था होते. म्हणून मोठे दान स्वीकारण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी एकमेकांस विचारावे: चौथ्या वर्षी हे कोण चालविणार? त्याचे उत्तर गावात शोधावे लागते.

कारखाना आणि त्याचे गाव

मोठी कंपनी आणि नाक्यावरचे दुकान यांच्यामध्ये आणखी एक वर्ग आहे. एखाद्या गावाच्या आधाराने वाढलेला कारखाना, सहकारी संस्था, पतपेढी हे सारे त्यात येतात. यांचे दान बहुतेक वेळा देणगीच्या स्वरूपात दिसत नाही. ते गाव वसविण्यात आणि माणसे उभी करण्यात दिसते.

बेळगावच्या वाचकांना किर्लोस्कर रोड ठाऊक आहेच. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली याच शहरात सायकलींच्या एका लहानशा दुकानाने झाला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघू लागले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथे कारखान्याबरोबर कामगारांची घरे आणि मुलांची शाळा आली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याला गाव दारातही उभे करीत नव्हते त्याच्याच हाती त्यांनी कारखाना सोपविला. कोणत्याही पावतीपुस्तकात या दानाची नोंद होऊ शकत नाही. परंतु अशा माणसाला नोकरी देणे हे त्याला शंभर वेळा जेवू घालण्याहून मोठे आहे.

किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांत खपविण्याचे काम करीत एक गृहस्थ त्या काळी गावोगाव हिंडत होते. ते म्हणजे भाऊराव पाटील. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. निरनिराळ्या जातींची गरीब मुले त्यांच्या वसतिगृहात एका पंगतीस बसत. पैसा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. गावागावांतून घरटी मूठ-मूठ धान्य जमविण्याची त्यांची मुष्टिफंडाची पद्धत प्रसिद्ध आहे. रयत संस्थेला पुढे मोठमोठे दाते मिळाले. पण मुलांचे ताट आरंभी भरले ते या मुठींनी, हे सांगितल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही.

सहकारी संस्थांत ही मूठ नियमाची होते. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने नगर जिल्ह्यातील लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच परिसरात शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय आले. अनेक साखर कारखान्यांनी उसाच्या टनामागे अल्पशी रक्कम कापून अशा कामांना हातभार लावला आहे. शेतकऱ्याला ती कपात जड वाटत नाही, जोवर पैसा कोठे गेला हे त्याला सभेत स्पष्ट सांगितले जाते. जेथे हे सांगणे थांबते तेथे दान न राहता ती पट्टी होते, आणि पट्टी कोणी प्रेमाने भरीत नाही.

याच वाटेने गेलेल्या एका धर्मगुरूची हकिकत आमच्या वाचकांना सांगणे येथे उचित होईल. स्पेन देशातील बास्क प्रांतात मोंद्रागोन नावाचे एक गाव आहे. तेथे १९४१ मध्ये होसे मारिया आरिस्मेंदिअर्रिएता हे तरुण फादर आले. देशात नुकतेच यादवी युद्ध होऊन गेले होते, गाव बेकारीने गांजले होते. त्यांनी गावकऱ्यांच्या वर्गणीतून १९४३ मध्ये मुलांसाठी तंत्रशाळा काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये सहकारी कारखाना सुरू केला आणि त्यातून सहकारी संस्थांचे एक मोठे जाळे निर्माण झाले. नफ्याचा सुमारे दहावा हिस्सा शिक्षण व समाजकार्यासाठी काढून ठेवावयाचा, हा तेथील नियम. शाळेने कारखाना काढला आणि कारखान्याने शाळा पोसली. २०१३ मध्ये या जाळ्यातील सर्वांत जुन्या कारखान्याची परंपरा चालविणारी कंपनी बुडाली, तेव्हा बाकीच्या संस्थांनी तिच्या कित्येक सभासद-कामगारांना आपल्याकडे कामावर घेतले. फादर १९७६ मध्ये निवर्तले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी दिली.

नाक्यावरचे दुकान

आता दुकानदाराकडे वळू. त्याच्याकडे दोन टक्क्यांचा कायदा नाही, निधी नाही, फोटो काढणारा नाही. पण त्याच्याजवळ एक गोष्ट आहे जी कोणत्याही कंपनीजवळ नाही: त्याला गाव माहीत असते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे वाण्याला सर्वांआधी कळते, कारण त्या घरचे माणूस दोन दिवस दुकानात आलेले नसते. कंपनीच्या कचेरीत अशा घराचा अर्ज पोचावयास तीन महिने लागतात; वाणी त्याच संध्याकाळी दोन शेर तांदूळ पोराच्या हाती पाठवितो आणि वहीत लिहितो किंवा लिहीतही नाही.

हे दान अनेक प्रकारचे असते. गोव्यात पोदेर पहाटेच्या पावांतून काही वृद्धाश्रमाच्या दारी ठेवून जातो. गिरणीवाला वसतिगृहाचे दळण फुकट दळून देतो. टेंपोवाला रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवितो. न्हावी आपल्या सुट्टीच्या दिवशी अनाथालयातील मुलांचे केस कापतो. शिंपी उरलेल्या कापडाची झबली शिवतो. औषधाच्या दुकानाचा मालक गरीब म्हातारीकडून किमतीचा अर्धाच भाग घेतो. यांचे मोल रुपयांत मांडावयाचे तर वर्षाकाठी मोठी बेरीज होईल. ती कोणी मांडीत नाही एवढेच. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान प्रभूने सर्वांत मोठे ठरविले, ते तिच्याजवळ उरले काय याकडे पाहून. दुकानदाराच्या दानाला हेच माप लावले पाहिजे.

व्यापाऱ्यांना व शिंप्यांना आपला असा एक संतही आहे. इटलीतील क्रेमोना नगरचे संत होमोबोनुस हे कापडाचे व्यापारी होते. त्यांनी धंदा सोडून संन्यास घेतला नाही. सचोटीने धंदा केला आणि नफ्यातील मोठा वाटा गरिबांना दिला. ११९७ मध्ये ते वारले आणि अवघ्या दोन वर्षांत, ११९९ मध्ये, पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांना संतपद दिले. १३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. माप आणि तराजू हातात धरूनही माणसाला संतपण मिळते, हे आमच्या दुकानदार बंधूंनी ध्यानी ठेवावे.

परंतु दुकानदाराच्या दानालाही एक धोका आहे. ते मनावर अवलंबून असते. दिवाळी-नाताळच्या गर्दीत हात सैल होतो, आषाढात आखडतो. आणि आश्रमातील म्हातारीला भूक तर आषाढातही लागते. म्हणून त्यांना आमचे सांगणे असे की, थोडे द्यावे पण ठरवून द्यावे. दिवसाच्या विक्रीतून शेकड्याला एक रुपया किंवा आठ आणे, जे झेपेल ते, निराळ्या डब्यात टाकावे. महिन्याअखेर डबा उघडावा आणि असेल ती रक्कम पोचती करावी. हेच जुन्या पेढीचे धर्मादाय खाते, आणि ते उघडण्यास कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही.

आधी मजुरी, मग दान

येथे एक कठोर गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. जो मालक सणाच्या दिवशी मोठी देणगी देतो आणि आपल्या गड्याची दोन महिन्यांची मजुरी थकवितो, त्याने दिलेले ते दान गड्याच्याच पैशाचे असते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या विश्वपत्रात कामगाराच्या न्याय्य मजुरीचा प्रश्न दयेच्या कक्षेतून काढून न्यायाच्या कक्षेत ठेवला, तो याचसाठी. न्यायाने जे देणे आहे ते दान म्हणून देता येत नाही.

या बाबतीतही चांगली उदाहरणे आहेत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस सुरू झाला, १९१५ मध्ये मोफत औषधोपचार आणि १९२० मध्ये भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी आले. कायद्याने तशी सक्ती होण्यास अजून कितीतरी वर्षे अवकाश होता. बाहेर दान करणाऱ्याने आत काय केले, हे पाहण्याचा गावाला हक्क आहे. लहान धंद्यालाही हे लागू आहे. दुकानातील पोरगा शाळा सोडून कामाला आलेला असेल, तर शाळेच्या इमारतीला वर्गणी देण्याआधी मालकाने त्या पोराला शाळेत परत पाठवावे.

गावाने काय करावे

आमच्या सर्व सांगण्याचे तात्पर्य असे. कोणत्याही धर्मग्रामातील किंवा गावातील मंडळाने पावतीपुस्तक घेऊन निघण्यापूर्वी आपल्या गरजांचे तीन भाग पाडावेत. एकदाच लागणारी मोठी गरज, जसे विहीर, खोल्या, रुग्णवाहिका, ही कंपनीकडे किंवा मोठ्या निधीकडे न्यावी आणि तिच्यासाठी कागद पुरे करावेत. दरवर्षी लागणारी गरज, जसे शिक्षकाचा पगार, शिष्यवृत्ती, ही सहकारी संस्था, पतपेढी व गावाच्या आधारावर चालणारे कारखाने यांच्यापुढे मांडावी आणि त्यांच्या नियमांत तिला जागा मिळविण्याचा प्रयत्न करावा. रोजची गरज, जसे धान्य, दूध, औषध, ही दुकानदारांत वाटून द्यावी. एकावर सारा भार न टाकता महिन्याचे वार लावून घ्यावेत.

दुसरे असे की, एकाच दात्यावर विसंबून राहू नये, तो कितीही मोठा असो. गोव्यातील वाचकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या आणि पुन्हा २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाल्याने त्या थांबल्या. ट्रक उभे राहिले, बार्जी नांगरल्या, आणि ज्या गावांचे सारे जीवन खाणीवर होते तेथे देणारे हातच मागणारे झाले. खाण बंद करण्याची कारणे योग्य होती की नव्हती हा येथे प्रश्न नाही. धंदा थांबला की त्याचे दानही थांबते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. म्हणून चांगल्या वर्षी आलेल्या मोठ्या देणगीतील काही भाग कायम ठेवीत ठेवावा आणि वाईट वर्षी तिच्या व्याजावर काम तगवावे.

तिसरे, हिशेब द्यावा. मूठभर तांदूळ देणाऱ्यालाही तो मागण्याचा हक्क आहे आणि कोटी देणाऱ्यालाही. वर्षाचा जमाखर्च एका कागदावर लिहून चर्चच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला तर पुढील वर्षाची निम्मी वर्गणी तेथेच जमली असे समजावे.

चौथे आणि अखेरचे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे घर हाच एक लहानसा धंदा आहे. कोणी भाजीचा मळा करतो, कोणी दोन म्हशी पाळतो, कोणी काजू वेचतो, कोणी मासळी विकते, कोणाचा मुलगा आखातातून पैसे पाठवितो. अशा घरांनीही आपल्या जमाखर्चाच्या वहीत एक पान धर्मादाय म्हणून राखून ठेवावे. दुधाच्या हिशेबातून आठवड्याला एक लिटर, सुगीत पायलीमागे एक मूठ, महिन्याच्या कमाईतून एका दिवसाची मजुरी, असे जे ज्याला पेलेल ते त्याने या नव्या वर्षापासून सुरू करावे. मुलांच्या हातून ते पान लिहवावे, म्हणजे पुढे तीच मुले दुकान काढोत की कारखाना, ते पान त्यांच्या खतावणीत राहील.